भांगातली लाट

किकवीहून रोज भोरच्या दस्तनोंदणी कचेरीत येणाऱ्या अश्लेषाच्या वहीत समुद्राच्या एकाच जागेच्या सतरा नोंदी आहेत. सोळांपुढे तिने एकच शब्द लिहिला आहे: निरंक. पहिली नोंद तेवढी वेगळी. ‘१५ जानेवारी २०२३, रविवार, मकरसंक्रांत. दोन खडकांच्या पुढे लाट. डावीकडे उलगडत गेली. अखंड.’

त्या दिवशी सर्फिंगची फळी सोबत नव्हती. सर्फिंग ती मालवणकडे पाच दिवस शिकली होती, फळीवर पालथं पडून हात मारायचा सराव भाटघर धरणाच्या पाण्यात करायची. पण ही लाट तिला वरंधा घाट उतरून, खाडी ओलांडून, रस्ता संपल्यावर चालत गेल्यावर अवचित दिसली. गावाचं नाव ती आजही कुणाला सांगत नाही. किनाऱ्यावर जाळं विणणाऱ्या सावळाराम नावाच्या म्हाताऱ्याने न विचारताच सांगितलं होतं, “ती भांगातच उभी राहते.”

अश्लेषाने ते तसंच टिपलं आणि दोन खडकांमधल्या फटीला कंसात ‘भांग’ असं नाव दिलं. केसांच्या भांगासारखीच ती फट सरळ होती. मोठ्या भरतीला मोठी लाट, हा हिशेब तिचा स्वतःचा. म्हणून दरवेळी पौर्णिमा गाठून ती जायची आणि फटीकडे पाहत बसायची. पाणी खडकांवरून मुकाट चढायचं, मुकाट उतरायचं. सावळाराम मुलाकडे मुंबईला गेला होता, घराला कुलूप.

“मॅडम, इस्त्रीचा टेबल फिरवून आणला का?” सोमवारी रेकॉर्ड रूममधला जहांगीर तिच्या लांबट फळीवरून चिडवायचा. ती हसायची. लाट खरोखर पाहिली होती की नाही, याचीच तिला शंका येऊ लागली होती.

यंदा मेअखेरीस भोरच्या बाजारात मासळीवाल्या बानोचाचींची पाटी जवळजवळ रिकामी होती. चाचींचं माहेर खाडीकाठचं.

“आज बोंबील न्हाईत, ताई. अष्टमी हाय. भांगात जाळ्यात काय येनार?”

“भांगात म्हणजे?”

“आता घ्या! कागदं वाचणारी माणसं तुमी. पुनव-अमुशेला उधाण, अष्टमीला भांग. पाणी ना धड चढत, ना धड उतरत.”

अश्लेषा मासळी न घेताच कचेरीत आली. जुनं पंचांग काढलं. पंधरा जानेवारी: पौष वद्य अष्टमी. सण तिने नोंदवला होता, तिथी नाही. उधाणात खडक खोल बुडत होते किंवा उघडे पडत होते; लाटेला अडून उठायला हवी असलेली पाण्याची मधली पातळी फक्त भांगात टिकत होती. इतरांच्या दस्तांतला चुकीचा शब्द बोट ठेवून दाखवणाऱ्या बाईने स्वतःच्या हाताने चुकीचा कंस घातला होता आणि त्यापायी तीन वर्षं घालवली होती.

पण आता समुद्र गढूळला होता, घाटही पावसासाठी बंद व्हायच्या बेतात होता. तिने कोजागिरीनंतरची अष्टमी शोधली, रजेचा अर्ज घेतला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: भांग.

जहांगीरने अर्ज वाचला. “मॅडम, हे खोडा. साहेब चौकशी लावतील.”

तिने ‘खासगी काम’ लिहिलं. वहीतला कंस मात्र तिने खोडला नाही. खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं. त्या अष्टमीला अजून पाच महिने होते.