गेणूचं चक्र

आमच्या निरगुडसरात गेणूच्या कातरीला तोड नव्हती. मेंढरू गुडघ्याखाली घेतलं की ते हूं की चूं करत नसे आणि लोकर एकसंध उतरायची. माणूस मात्र फटकळ. माझ्या गाडीला तो डबा म्हणतो आणि कुठं जायचं असलं की त्याच डब्यात सगळ्यांच्या आधी बसतो.

यंदा दिवाळीनंतर त्याच्या कातरीनं एका मेंढीचा कान कापला. हळद दाबून रक्त थांबवलं, पण त्याच्या हाताची थरथर काही थांबेना. लोक म्हणाले, होतं एखाद्या वेळी. गेणूला मात्र बाप आठवला. त्या कुशाबाचं असंच सुरू झालं होतं. आधी चहा सांडायचा, मग भाकरी मोडता येईना, शेवटी लेकरासारखं भरवावं लागलं. भरवणारा गेणूच होता.

मंचरच्या डॉक्टरांनी त्याला कागदावर चक्र काढायला लावलं, गोगलगाईच्या पाठीवर असतं तसं. रेघ नागमोडी आली. "आज काही सांगत नाही. पुढच्या महिन्यात परत काढून बघू," डॉक्टर म्हणाले. गेणूनं अर्थ घेतला की ही परीक्षा आहे, आणि परीक्षेला अभ्यास करायचा असतो. तसं नसतं हे मला कळत होतं. पण मी गप्प बसलो, कारण तो पास व्हावा असं मलाही वाटत होतं.

त्याची सून आरती घरीच पोरांची चित्रकलेची शिकवणी घेते. गेणू तिच्यापुढं जाऊन बसला. "पोरी, मला त्ये चक्र शिकव."

"चक्र मागनं, मामा. आदी उभ्या रेघा."

मेंढरू धरावं तसा त्यानं कागद गुडघ्याखाली दाबला. पोरं खिदळली. आरती हसली नाही. "कागद काय पळून जात न्हाई. मनगट टेकवू नका, खांद्यातनं हात चालवा. पेन्सिल हलकी धरा." उभ्या रेघा झाल्या, आडव्या झाल्या, मग गोल आले. "ह्यो बटाटा झालाय, मामा. परत काढा." कागद भरला रे भरला की ती दुसरा पुढं सरकवायची. पेन्सिल खाली ठेवूच देत नसे.

"मास्तरीन लई कडक हाय, राव. चा बी प्यू देईना," गेणू मला सांगायचा. वर वर थट्टा चालायची, पण चारचौघांत उजवा हात तो घोंगडीखाली लपवू लागला होता. रोज शिकवणी सुटताना आरतीला विचारायचा, "आमच्या म्हाताऱ्यावानी तर न्हाई ना?"

"न्हाई, मामा. रेघ चांगली हाय."

या एका वाक्यावर तो दुसरा दिवस काढायचा.

तपासणीला गेणू, आरती आणि मी असे तिघं गेलो. गेणूनं चक्र काढलं आणि खरंच नामी काढलं. जत्रेतली कुस्ती मारल्यासारखा तो माझ्याकडं बघायला लागला. डॉक्टर म्हणाले, "छान. आता हात मांडीवर मोकळे सोडा आणि शंभरापासून उलटे आकडे म्हणा."

गेणू आकड्यांत गुंतला. मांडीवरचा उजवा हात हळूहळू हलायला लागला. लोकरीचा पीळ बघावा तसा अंगठा बोटावर फिरत होता. त्याला पत्ताच नव्हता. मला दिसत होतं. मग त्यानं खाली पाहिलं आणि आकडे थांबले.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्यांनी बराच आराम पडेल म्हणाले. गेणू एकच विचारत राहिला, "पन चक्र तर बराबर आलं ना, सायेब?"

आम्ही परत निघालो. गाडीत त्यानं शेजारी बसलेल्या आरतीला विचारलं, "तुला हात दिसला न्हाई व्हय?"

"पैल्याच दिशी दिसला, मामा." तिचा बांध फुटला. "पेन्सिल ठिवली की हलायचा. तुमच्या नजरंला पडू नये म्हनून तर लगीच दुसरा कागद देत व्हते."

 गेणूनं थरथरता हात मांडीवरून उचलला आणि तिच्यापुढं धरला.

"मंग आता दे की कागद. लई भ्या वाटतंय, पोरी."