मामेबहिणीच्या लग्नातला बोर्ड

माझ्या मामेबहिणीचं लग्न निपाणीच्या एका कार्यालयात होतं. नवऱ्याकडचे निपाणीचे, आम्ही खानापूरकडचे. मी बेळगावात सॉफ्टवेअरच्या नोकरीला. त्यामुळं स्टेजशेजारच्या लाइटच्या बोर्डावर नवरा-नवरीची नावं आणायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "फ्लेक्स लाव की रं सरळ." मी नुसता हसलो.

लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत एक कमांड टाइप करायची आणि तिच्यापुढं दोन नावं द्यायची, एवढंच काम होतं. मग एक प्रोग्रॅम सुरू व्हायचा. तो अक्षरं सजवायला आणखी एक प्रोग्रॅम काढायचा. आमच्या धंद्यात पहिल्याला बाप म्हणतात, दुसऱ्याला पोर. पोर मध्येच बंद पडलं तर बापानं लगेच नवं काढायचं. आणि आतून जे काही बाहेर पडेल, ते थेट बोर्डावर. घरी 'अ' आणि 'ब' देऊन बघितलं होतं, झकास चाललं होतं.

कार्यालयात पूर्ण नावं टाइप करून बटण दाबलं. बोर्डावर उमटलं, 'चि.' विझलं. परत उमटलं, 'चि.'

"चि. कोण?" नवऱ्याच्या आत्यांनी विचारलं. त्या मराठी शाळेतल्या निवृत्त बाई. लिहिलेलं काही दिसलं की मोठ्यानं वाचायची त्यांना सवय.

कुठं अडतंय ते कळावं म्हणून मी प्रोग्रॅममध्ये जागोजागी खुणेची वाक्यं घातली आणि तो परत चालवला. ही वाक्यंही बोर्डावरच जाणार, हे घाईत डोक्यातच आलं नाही.

"पोर झालं," बाईंनी खणखणीत वाचलं.

हातात अक्षता घेऊन लोक बोर्डाकडं बघायला लागले.

"पोर उत्तर देत नाही."

"आजकालची पोरं तसलीच हैत," मागून कुणीतरी म्हणालं.

"दुसरं पोर झालं."

नवऱ्याच्या वडिलांनी फेटा सावरला. नवरी मुंडावळ्यांआड गदगदून हसत होती. मी घाबरून काळी खिडकीच बंद केली. बोर्डावर तिसरं पोर झालं. खिडकी बंद झाली तरी चालू राहील, असा तो प्रोग्रॅम मीच सुरू केला होता.

आक्का, माझी थोरली बहीण, धावत आली. "अरं बंद कर की ते!"

"केलंय गं!"

"मग लिवतंय कोण?"

कार्यालयाचा मॅनेजर प्लग उपटायला वाकला, पण त्याच प्लगवर भटजींचा माइक होता. "हात लावू नका! मुहूर्त आलाय!" भटजी माइकवरूनच ओरडले. तेवढ्यात चौथं पोर झालं.

मी नवी खिडकी उघडली, चालू असलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी काढली, त्यातून बाप हुडकला आणि त्याला थांबवलं. बोर्ड काळा झाला. मग कुठं डोकं चाललं. 'चि.'नंतर मोकळी जागा होती. कमांडला वाटायचं, पहिलं नाव इथंच संपलं. दोन नावांऐवजी नावांचे तुकडे पोचत होते, आणि बिचारं पोर गोंधळून आडवं होत होतं. मी दोन्ही नावं अवतरणचिन्हांत घातली, खुणेची वाक्यं काढली आणि परत बटण दाबलं.

नावं आली. दोन्ही पूर्ण, लाल अक्षरांत, भोवती वेलबुट्टी. नेमकं त्याच वेळी शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली आणि बोर्डाकडं एका माणसानंही पाहिलं नाही.

पंगतीत आप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. मग हळूच म्हणाले, "व्हय रं, तुमच्या हापिसात रोज असंच चालतंय?"

"रोजच."

"आणि तरी पगार देत्यात?"

मी वाढप्याला हाक मारून आणखी मसालेभात मागितला.