बापाचे डोळे

अकोल्याला जठारपेठेत माझं फोटोचं दुकान आहे. फोटो काढून घ्यायला आता कुत्रंही फिरकत नाही, मोबाइल ज्याच्या त्याच्या खिशात. माझं पोट चालतं ते कार्डांवर. वाढदिवसाची, लग्नाच्या वाढदिवसाची, बारशाची. गिऱ्हाईक मोबाइलवरून फोटो पाठवतं, मी कॉम्प्युटरवर मागचा पसारा उडवतो, सुटलेलं पोट आत घेतो, खाली चार गोड ओळी टाकून छापून देतो. लोकांच्या एकेक फर्माइशी ऐकून डोकं फिरतं. 'भाऊ, जरा गोरं करा' हे तर रोजचंच. एकदा एका बाईंनी कार्ड परत आणलं. म्हणे, माझा तीळ डाव्या गालावर आहे, तुम्ही उजवीकडे दाखवला. मी असा भडकलो! म्हटलं, बाई, फोटोतला माणूस आपल्याकडे तोंड करून बसलेला असतो, त्याचा डावा गाल आपल्या उजव्या हाताला येतो, तो काही आरसा नव्हे. बाई कार्ड घेऊन निघून गेल्या आणि मला दिवसभर स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

मायचे डोळे काचबिंदूनं खाल्ले. उजवा तर केव्हाच गेला होता. डाव्याच्या इलाजासाठी ती अमरावतीला थोरल्या बहिणीकडे राहत होती. एका खेपेला डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, हाही आता थोड्या दिवसांचा सोबती आहे, काय दाखवायचं ते दाखवून घ्या. मी दवाखान्याबाहेर रसवंतीवर येऊन उभा राहिलो. आईला शेवटचं काय दाखवावं, हे माणसाला सुचतं का कधी? रस तसाच टाकून घरी आलो. डॉक्टर काय म्हणाले, हे मायनं विचारलंच नाही. ती भाजी निवडत होती, पानं बोटांनी चाचपत. म्हणाली, "अखजीले आमच्या लग्नाले पन्नास वर्सं होतात. एकडाव त्याईले डोये उघडे पायलं असतं तं बरं झालं असतं."

हे तिचं बोलणं कळायला आमच्या घरातला फोटो माहीत हवा. बापाचा जिवंतपणीचा एकही फोटो नाही. आमचं गाव तेल्हाऱ्याकडचं, मळ्यातली वांगी-मिरची बाजारात नेऊन विकणारं घर. फोटोचं सुचतं कोणाला. मी तीन वर्षांचा असताना बाप दोन दिवसांच्या तापात गेला आणि मग कोणीतरी तेल्हाऱ्याहून फोटोवाला आणला. तेव्हा आमच्याकडे तसं करत. गेलेल्या माणसाला अंगणात खुर्चीवर बसवायचं, भिंतीला टेकवायचं, डोक्यावर टोपी, गळ्यात हार, आणि एक फोटो. तोच मग जन्मभर भिंतीवर. चाळीसच्या वर वर्षं माय त्या फोटोकडे पाहत आली. नाकात कापूस, डोळे मिटलेले.

मी ठरवलं, अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मायच्या हातात कार्ड द्यायचं. लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं, दोघं जोडीनं बसलेली, आणि बापाचे डोळे उघडे. मोठी बारीक नजर आहे ना आपली, वीस वर्षं हेच तर केलं.

दुपारी शटर अर्धं ओढून कामाला बसायचो. आधी नाकातला कापूस. गालावरची कातडी थोडी थोडी उचलून त्यावर बसवत गेलो. आपल्याच बापाच्या नाकातला कापूस मी माउसनं काढत होतो. मग हार काढला, त्याखालची कॉलर रंगवली. राहिले डोळे. ते आणायचे कुठून? तर लहानपणापासून दर लग्नात, दर मयतीत गावच्या म्हाताऱ्या माझी हनुवटी धरून म्हणत आल्या होत्या, पोरानं डोये बापाचेच घेतले. याच्यावर आणखी पुरावा कशाला? दारातल्या उजेडात स्वतःचा फोटो काढला, काळा-पांढरा केला, दोन्ही डोळे कापून बापाला लावले. बाप माझ्याकडे पाहायला लागला. मी कीबोर्डावर डोकं ठेवून पोटभर रडलो. एक फोन करून मायला विचारता आलं असतं. नाही केला. मला तिला चकित करायचं होतं ना!

अक्षय तृतीयेला अमरावतीला गेलो. बहिणीनं बापाच्या नावानं घागर भरून ठेवली होती, वर डांगर, म्हणजे खरबूज. माय कार्ड घेऊन खिडकीशी गेली. नाकाला टेकेल इतकं जवळ धरलं, मान इकडून तिकडे करत कितीतरी वेळ पाहिलं.

"हा कोण होय?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "माय, बाबा होयत."

"नाई. हे तं तुहे डोये हायेत. तुह्या बापाच्या डाव्या डोयात फूल होतं."

मग तिनं सांगितलं. लहानपणी देवी आल्या, तेव्हा बापाच्या बुबुळावर पांढरा ठिपका पडला. लग्नात तो बाशिंगाआड लपवला. तिला तिसऱ्या दिवशी दिसला, आपल्याला फसवलं म्हणून ती विहिरीवर बसून दिवसभर रडली. बापाला ते कळलं असावं. पुढे कित्येक महिने तो तिच्याशी तोंड फिरवून बोलायचा. एक दिवस वांग्याच्या वाफ्यात तिनंच त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. तेव्हापासून ती त्या फुलाकडे पाहूनच त्याच्याशी बोलत आली. ते नाही तर तिला माणूस ओळखू येत नव्हता.

मला माझाच संताप आला आणि तिचाही. इतक्या वर्षांत एकदा सांगू नये? ती म्हणाली, मिटल्या डोयाचं कोणाले काय सांगू.

त्याच दुपारी बस धरून अकोल्याला परतलो. फूल केवढं असेल, गोल की लांबट, काही ठाऊक नाही. विचारायला फोन लावला तर माय म्हणाली, "ज्वारीच्या दाण्याएवढं." दोन दिवस ठिपके टाकत होतो, पुसत होतो. एकही खरा वाटेना. तिसऱ्या दिवशी सकाळी बहिणीचा फोन आला. माय उठली आणि दिवा लाव म्हणाली. ऊन तर दारात आलेलं होतं. मी समोर होता तो ठिपका तसाच ठेवला, कार्ड छापलं आणि धावत स्टँड गाठला.

माय पलंगावर बसली होती. मी कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं.

"फूल टाकलं?"

"टाकलं, माय."

"डाव्याच डोयात ना?"

मी कार्डाकडे पाहिलं. ठिपका माझ्या डाव्या हाताला होता. म्हणजे बापाच्या उजव्या डोळ्यात.

"हाव," मी म्हटलं.

पहिलं कार्ड तिनं इतकं न्याहाळलं होतं, की कुठे काय ते तिला पाठ झालं होतं. कार्डाच्या कडेपासून तिनं अंगठा सरकवत आणला. टोपीवरून कपाळावर, तिथून खाली, आणि थांबली.

"हे पाय, इथं," ती म्हणाली आणि हसली.

तिचा अंगठा बरोबर जागेवर होता. तिथं मी काहीच टाकलं नव्हतं.