बिनरंगाचं नाव

कोल्हापुरात आमच्या गल्लीत एक शिक्केवाला होता, लग्नपत्रिकाही करायचा. ओल्या ठशावर पारदर्शक पावडर भुरभुरून तो कागद शेगडीवर धरी. अक्षरं फुगून चकाकली की ओरडे, "बघा की पावणं!" मी नुसतं बघायलाच जायचो.

एकदा एक मुलगी आली. सासरच्यांना पत्रिकेत तिच्या विधवा आईचं नाव नको होतं. त्यानं नमुन्याच्या पत्रिकेवर बिनरंगाचा ठसा मारून पावडरीनं नाव उठवलं.

"कुठं दिसतंय, काका?"

"तिरकी धर की."

आईचं नाव लकाकलं. तिनं त्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "लपवून कशाला? सोनेरीच करा."

सोनेरी पावडरीची डबी त्यानं आधीच उघडून ठेवली होती.