पूर्ण वाक्यात बोलणाऱ्या बाई

"फुल सेंटेन्स, प्लीज."

एक बोट वर, नजर चष्म्याच्या वरून थेट आपल्यावर, आणि एवढंच. ऑफिसात कोणी धावत येऊन "मुलगी झाली!" म्हणालं की बाई लगेच आनंद दाखवत नसत. कोणाला झाली, कुठे झाली, हे कर्ता-क्रियापदासकट सांगावं लागे. सांगणारा प्राध्यापक असला तरी सुटका नसे. त्याने मुकाट्याने वाक्य पुरं केलं की मग बाईंचा चेहरा फुलायचा. असे निवृत्त शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. शाळा सुटून वर्षं झाली तरी त्यांचा वर्ग काही सुटत नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात राहत होतो. अविनाशची, माझ्या नवऱ्याची, नोकरी रस्ते खात्यात. गावात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. तिसरी आमची मुलगी, पण तिला मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत यायचं. गावात एक कॉलेज होतं. एके काळी तिथे फक्त शिक्षक घडवत, पुढे सगळंच शिकवू लागले. तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात मला अर्ध्या दिवसाचं टायपिंगचं काम मिळालं.

बाई तिथे पगारी नव्हत्या. महामंदीच्या काळात त्या याच कॉलेजात शिकल्या, मग जवळच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर कॉलेजच्या वार्तापत्रात जुन्या वर्गांच्या बातम्या लिहायचं काम त्यांच्याकडे आलं. खरं तर आपल्या वर्गाच्या बातम्या त्या पदवी मिळाल्यापासूनच लिहीत होत्या. कोण आजी झाली, कोण थंडीला कंटाळून फ्लोरिडाला गेलं, कोण वारलं, हे सगळं त्यांच्या हातून जायचं.

मी त्यांना मनात 'बाई' म्हणे. एकदा तोंडातून निघालंच. त्यांनी अर्थ विचारला.

"आमच्याकडे शाळेतल्या शिक्षिकेला बाई म्हणतात," मी म्हटलं. "आणि बाई म्हणजे स्त्रीसुद्धा."

"दोन्हींना एकच शब्द?" त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी इथे दोन्हींपैकी एकच होता यायचं."

त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. पण नाव त्यांना आवडलं. फोनवर त्या ठसक्यात सांगायच्या, "धिस इज बाई."

आमच्या घरी त्या अधूनमधून जेवायला यायच्या. पुरणपोळीवर तूप घ्या म्हटलं तर त्यांनी मेपल सिरप मागितलं आणि तीन पोळ्या खाल्ल्या. अविनाश कामावरून आला की "ओके यार, दमलो" म्हणून सोफ्यावर पडायचा. बाई बोट वर करायच्या. बिचारा उठून बसायचा आणि आपण का दमलो हे सविस्तर सांगायचा.

महामंदीच्या गोष्टी सांगताना मात्र त्या खुलायच्या. खाणी बंद पडलेल्या, घराघरात वडील रिकामे बसलेले. फी भरता येत नाही म्हणून मुली शेतातले बटाटे नाहीतर अंडी घेऊन यायच्या आणि कॉलेजचं स्वयंपाकघर ती ठेवून घ्यायचं. वसतिगृहात कोबीच्या सूपचा वास पडद्यांतसुद्धा बसलेला. बाईंच्या खोलीत चौघी, आणि चौघींत धड असा एकच कोट, निळा. कोणाची मुलाखत असेल, कोणाला कोणाच्या घरी बोलावणं असेल, तिने तो घालायचा. "मी जरा उंच," बाई हसायच्या, "माझी मनगटं नेहमी बाहेर."

एका दुपारी बर्फ पडायला लागला. ऑफिस लवकर बंद झालं. अविनाश गाडी घेऊन येईपर्यंत आम्ही दोघी खिडकीशी बसून होतो. मी नागपूरला शाळेत शिकवत होते हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सहज विचारलं, "लग्न झाल्यावर काढलं असेल ना तुला?"

"काढतील कशाला? लग्नात शाळेने घड्याळ भेट दिलं मला. अमेरिकेला यायचं ठरेपर्यंत शिकवत होते."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि पूर्ण वाक्यातच सांगितलं.

"माझं लग्न झालेलं आहे. कोणाला माहीत नाही."

हॅरल्ड त्यांच्याच वर्गातला. खाणीच्या गावचा. पदवीनंतर त्याला तिथल्याच शाळेत नोकरी लागली आणि बाईंना इथे. त्या काळी शिक्षिकेने लग्न केलं की राजीनामा द्यावा लागे. दोन पगार एका घरात कशाला, असा हिशोब. बाईंच्या घरी वडिलांना काम नाही, धाकटी भावंडं शिकणारी, सगळं घर त्यांच्या पगारावर. पण दोघांना थांबवेना. एका शनिवारी ते दूरच्या गावातल्या कचेरीत जाऊन लग्न करून आले. ठरलं असं की बाईंच्या भावाला नोकरी लागली की सगळ्यांना सांगायचं. तोवर तो शनिवारी बसने यायचा आणि रविवारी परत जायचा. कोणी विचारलं तर कॉलेजातला मित्र.

"दोन हिवाळे आमचा संसार झाला," बाई म्हणाल्या. "तोही शनिवार-रविवारचा."

तिसऱ्या हिवाळ्यात त्याला न्यूमोनिया झाला. निरोप सोमवारी शाळेत आला, तोही मित्र गेल्याचा. बाई तेव्हा भागाकार शिकवत होत्या. घंटा होईपर्यंत शिकवत राहिल्या. मित्र म्हणून हेडमास्तरांनी दफनासाठी अर्ध्या दिवसाची रजा दिली. चर्चमध्ये त्या शेवटच्या बाकावर बसल्या. बाहेर पडताना हॅरल्डच्या आईने त्यांचा हात धरून म्हटलं, "इतक्या लांबून आलात, फार उपकार झाले."

"आणि मग," बाई म्हणाल्या, "मी आमच्या वर्गाच्या बातम्या लिहायची ना. त्याचीही लिहिली. मागे आई, वडील आणि बहीण असा परिवार आहे, असं लिहिलं."

बाहेर अविनाशने हॉर्न वाजवला. बाई कोट घालून उठल्या. गाडीत हवेच्या गप्पा झाल्या.

पुढच्या वसंतात त्यांच्या वर्गाचा सुवर्णमहोत्सव होता. दर संमेलनाला जेवण झालं की एकेकाने उभं राहून आपली बातमी सांगायची पद्धत होती. बाई दरवेळी म्हणत, "मी तुमच्या बातम्या लिहिते, हीच माझी बातमी," आणि लोक टाळ्या वाजवत. या वेळी त्या मला म्हणाल्या, "मी सांगणार आहे. आता नोकरी कोण काढून घेणार?" हसल्या, पण हातातली पेन्सिल एकसारखी टेबलावर आपटत होत्या.

त्या दिवशी मी हॉलच्या दाराशी नावांचे बिल्ले वाटत होते. म्हातारी मंडळी, काठ्या, श्रवणयंत्रं, एकमेकांना ओळखल्यावरचा आरडाओरडा. बाईंनी फिका जांभळा ड्रेस घातला होता. त्यांची पाळी आली तशा त्या उभ्या राहिल्या आणि टेबलाची कड धरून म्हणाल्या, "आपल्या वर्गातल्या हॅरल्डशी माझं लग्न झालं होतं. तो गेला तेव्हा मी त्याची बायको होते. ही बातमी द्यायची राहून गेली होती, ती आज देते."

मला वाटलं होतं, हॉलमध्ये कुजबुज होईल. कोणी दचकेल, कोणी अरेरे म्हणेल. तसं काही झालं नाही. सगळे खाली बघत होते.

मग बाईंच्या शेजारी बसलेल्या डोरोथीने, त्यांच्या जुन्या रूममेटने, त्यांचा हात हातात घेतला. "आम्हाला माहीत होतं गं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"लग्नाचं. कॉलेज सुटलं तरी तो निळा कोट आपल्यात फिरायचाच. त्या शनिवारी त्याची पाळी माझी होती आणि तू माझ्याकडून मागून घेतलास. परत आणलास तेव्हा कॉलरला लग्नात लावतात त्या फुलाची टाचणी तशीच होती. मला कळलं. मग आम्हा मुलींना सगळ्यांनाच कळलं. आम्ही एकमेकींना शपथ घातली, बोलायचं नाही. तुझी नोकरी गेली असती."

बाई हळूहळू खाली बसल्या. "तू चर्चमध्ये आली होतीस?"

"आले होते. आम्ही पाचजणी होतो. पुढच्या रांगांत गर्दीत बसलो. तू मागे एकटी आहेस हे ठाऊक होतं. मुद्दाम वळून पाहिलं नाही. कोणाला संशय यायला नको."

"मला वाटलं, कोणालाच..." बाई म्हणाल्या. "मी घरी येऊन पिठाच्या डब्याशी बसून रडले, डोरोथी. घरचे विचारायला लागले तर म्हणाले, दाढ दुखतेय. तुमच्यातली एक जरी मागे वळली असती, तरी मी..."

ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. डोरोथी रडायला लागली. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "आम्ही तुझ्यासाठीच गप्प बसलो गं, तुझ्यासाठीच." आणि ते खरंच होतं. त्या मायाळू, शहाण्या मुलींनी मैत्रिणीची नोकरी वाचवली होती. बाईंनी डोरोथीच्या पाठीवरून हात फिरवला. पण त्यांची नजर कुठेतरी लांब गेली होती. पन्नास वर्षं जे दुःख आपण एकटीनेच वाहिलं असं त्यांना वाटत होतं, ते वाटून घ्यायला माणसं शेजारीच होती, हे त्यांना त्या टेबलापाशी कळलं. त्याने हलकं वाटेल, असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही.

पुढे बरेच आठवडे बाई ऑफिसला आल्या नाहीत. मी वरण-भात घेऊन जायची. त्या दोन घास खायच्या आणि डबा धुऊन परत द्यायच्या. पानं लाल व्हायला लागली तेव्हा एकदा त्यांचा फोन आला. "हॅरल्डची बहीण अजून त्याच घरात राहते. तिला सांगायचंय. मला घेऊन जाशील?"

खाणीचं गाव तासाभरावर होतं. रूथ, ती बहीण, साठीकडे झुकलेली, जाड काचांचा चष्मा लावणारी, घरात एकटीच. हॅरल्डची कॉलेजातली मैत्रीण म्हणून तिने कॉफी केली, केक कापला. बाईंनी केकला हात न लावता सगळं सांगितलं.

रूथने हातातली सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "आई शेवटपर्यंत एकाच गोष्टीसाठी झुरायची. मरणाचं दुःख ती सोसू शकली. पण म्हणायची, माझ्या पोराला कोणाची माया मिळाली नाही, तसाच कोरा गेला."

बाईंनी डोळे मिटून घेतले. "माझा हात धरला होता त्यांनी," त्या म्हणाल्या. "तेव्हा सांगता आलं असतं."

मला वाटलं, आता रूथ उठून दार उघडेल आणि निघा म्हणेल. ती उठली, पण बाईंच्या शेजारी येऊन बसली.

"तो गेला तेव्हा मी नऊ वर्षांची होते," ती म्हणाली. "मला फार काही आठवत नाही. जे माहीत आहे ते आईने सांगितलेलं. पण आम्ही एका खोलीत झोपायचो, तो झोपेत बडबडायचा. लग्नानंतरही बडबडायचा का?"

"हजेरी घ्यायचा," बाई म्हणाल्या. "सगळ्या वर्गाची. आणि एखादा मुलगा ओ देईना, की चिडायचा."

रूथ हसायला लागली. बाईही हसल्या. संमेलनानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होते. हसता हसता दोघींचे चष्मे ओले झाले. मी कप उचलून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच नळ सोडून उभी राहिले.

निघताना रूथने बाईंना नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला राहायलाच बोलावलं. हॅरल्डचे जुने फोटो शोधून ठेवते म्हणाली. परतीच्या वाटेवर बाईंनी कुठला ड्रेस न्यायचा, किती दिवस राहायचं, याचा बेत केला. मी त्यांना सोडायला आणि आणायला जायचं, हेही ठरलं.

त्या राहायला गेल्या नाहीत. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, सकाळी दूध आत घ्यायला दार उघडलं नाही म्हणून शेजारणीने मला फोन केला. झोपेतच गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय.

रूथला कळवायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं.  

मग रूथ म्हणाली, "मी सफरचंदं आणून ठेवली होती. ॲपल-पाय करणार होते."

"हो," मी म्हटलं.

"त्या दिवशी मी एकच गोष्ट विचारली. बाकीचं ती राहायला आल्यावर विचारू म्हटलं. त्याचा आवाज कसा होता, मला आठवत नाही. तुला कधी बोलली होती का ती, कसा होता त्याचा आवाज?"

मी आठवून पाहिलं. बर्फातली दुपार, गाडीतले तासन्‌तास, आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या सगळ्या गप्पा.

"नाही," मी म्हटलं. "त्याबद्दल काही बोलल्या नाहीत."

आम्ही दोघी फोन धरून बसून राहिलो.