बिनतारी गियर आणि आंतोन

सूचनापुस्तिका दोनदा वाचणारा माणूस आमच्या सासुरवाडीत मी एकटाच, आणि या प्रकरणातली चूकही माझी एकट्याचीच.

मी आणि माझा मेहुणा आंतोन, दोघांकडेही खडीच्या रस्त्यावर चालणाऱ्या ग्रॅव्हल सायकली आहेत. दोघांनी एकाच सुमारास त्यांना बिनतारी इलेक्ट्रॉनिक गियर घेतले. कंपनी एकच, माझा संच वरच्या दर्जाचा, त्याचा साधा. हँडलवरचं बटण दाबायचं, की मागच्या चाकाजवळची छोटी मोटर चेन सरकवते. (एवढ्या कामाला पूर्वी एक तार पुरायची, पण तारेचं चारचौघांत कौतुक होत नाही.) दोन्हींत सरस कुठला ते ठरायचं होतं, कारण माझी बायको लोर्ना हिलाही नवे गियर हवे होते. तिने जाहीर केलं, "जो जिंकेल त्याच्यासारखे घेईन. आणि बसवायचेही त्यानेच."

माझ्या बायकोची सायकल आंतोनच्या हातून? इभ्रतीचा प्रश्न होता!

शनिवारी नंदाखालला सासऱ्यांच्या ओट्यावर दोन्ही सायकली शेजारी शेजारी उभ्या करून मी दोन्हींची बटणं मोटरींशी एकदमच जोडायला घेतली.

"भावोजी, एक-एक करू या का?" आंतोन म्हणाला.

"मी पुस्तिका वाचलीय."

एक बटण दाबलं. कट्ट! दुसरं दाबलं. कट्ट! शंकेला जागाच नव्हती.

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून चांदीपकडे निघालो. लोर्ना पंच म्हणून स्कूटरवर. सपाटीवर माझा गियर अप्रतिम चालला. मी बटण दाबायच्या किंचित आधीच पडायचा!

"महाग वस्तू मनातलं ओळखते!" मी ओरडलो.

"माझापण ओळखतो!" आंतोन म्हणाला. मला ते जरा खटकलं.

मग चढ आला. हलक्या गियरसाठी मी बटण दाबलं. पेडल जड झालं. पुन्हा दाबलं, आणखी जड! शेजारी आंतोनचे पाय रिकाम्या रहाटासारखे गरगरत होते आणि सायकल जागच्या जागी. "अरे जड हो, जड हो!" म्हणत तो बटणाला ठोसे लगावत होता. तो जितका ठोसे मारी तितका मी रुते. मी जितका दाबी तितका तो गरगरे. शेवटी मी इतक्या सावकाश आडवा झालो, की लोर्नाला स्कूटर स्टँडला लावून मला धरायला यायला वेळ मिळाला. (तिने आधी हेल्मेटही काढलं.)

"आंतोन, तू दाब," ती म्हणाली. कट्ट! आवाज माझ्या सायकलीतून. "आता तू." कट्ट! आंतोनच्या.

"म्हणजे अख्खी वाट तुम्ही एकमेकांचे गियर टाकत होता?"

मी खिशातली पुस्तिका काढली. पान चौदा: 'एका वेळी एकच सायकल जोडावी. दुसरीची बॅटरी काढून ठेवावी.' खाली पेन्सिलची रेघ होती. माझीच!

"पण जिंकलं कोण?" मी चिवटपणे विचारलं.

"भावोजींचा गियर भारीच आहे," आंतोन म्हणाला. "आख्खा रस्ता मीच चालवला ना!"

लोर्नाने तारेचे गियर घेतले. "निदान तार कुठून कुठे जाते ते दिसतं!" बसवायला वालीवचा मिस्त्री आला. मलाही जबाबदारीचं काम मिळालं: मी टॉर्च धरला होता, आणि तो कुठे वळवायचा ते आंतोन सांगत होता.