लोंढ्याच्या रेषेवरच्या चार जागा

पारमिता कांबळेंचा जन्म निपाणीतला. आई यल्लव्वा तंबाखूच्या वखारीत पाला झाडायची. वडील लवकर गेले. थोरला भाऊ आण्णाप्पा दहावीनंतर तिथंच हमालीला लागला, म्हणून पारमिता शिकू शकली. बेळगावात बी.एस्सी., धारवाडला एम.एस्सी. आणि मग हैदराबादच्या एका संस्थेत भूभौतिकीची संशोधक. जमिनीत लोखंडी खुंट्या ठोकायच्या, तारांतून वीज सोडायची आणि ती किती अडते त्यावरून खाली काय दडलंय ते ओळखायचं, हे तिचं काम. यल्लव्वा शेजारणींना सांगायची, ''माझी पोरगी दगडाची नाडी बघती.''

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात ती लोंढ्याच्या रानात होती. दख्खनचा काळा दगड त्या भागात संपतो आणि त्याच्याही आधीचा, फार जुना दगड वर येतो. दोन्ही जिथं भेटतात तिथं पाणी साठतं का, हा तिचा प्रश्न होता. एका सरळ रेषेत बावीस जागा मोजायच्या होत्या. अठरा झाल्या होत्या.

अकरा चाळीसला मदतनीस भावकू धापा टाकत आला. ''आक्का, ठेसनावर निपाणीसनं फोन आलता. तुमची आई... सकाळी गेली म्हणं.''

पारमितानं घड्याळ बघितलं. मग एकोणिसाव्या जागेकडं.

''तारा वढ, भावकू. चार राहिल्यात.''

''आक्का, जीप हाय. आत्ता निघालासा तर मातीच्या आदी पोचशिला.''

''वढ म्हटलं नव्हं?''

त्यानं तारा ओढल्या. उरलेल्या चारही जागा तिनं मोजल्या. आकडे वहीत उतरवले. अक्षर जरासुद्धा हललं नाही. आत काहीतरी उसळेल, हात थांबेल, असं तिला मधूनमधून वाटत होतं. ते झालं नाही. पावणेतीनला काम संपलं. निपाणीला पोचायला रात्रीचे आठ वाजले.

सहाला माती देऊन माणसं परतली होती. आण्णाप्पा दारात बसला होता. म्हणाला, ''लई वाट बघितली गं, पारू.''

''गाडी मिळाली न्हाई,'' ती म्हणाली.

तिथून पुढं तिचं नाव होत गेलं. लोंढ्याच्या रेषेवरचा शोधनिबंध दोन हजार एक साली छापून आला. दोन वर्षं त्याच्याकडं कुणी फिरकलं नाही. मग दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्राध्यापकानं तिच्या रीतीनं तिकडचा खडक मोजला. ब्राझीलहून पत्र आलं. भूजल खात्यानं ती रीत उचलली आणि खानापुराकडच्या कितीतरी गावांत विहिरीची जागा तशी ठरू लागली. साडेसहाशेंवर निबंधांत तिचा संदर्भ आला. अकरा विद्यार्थी डॉक्टर झाले. शाली, श्रीफळं, मानपत्रं. प्रत्येक वेळी ती व्यासपीठावर उभी राहायची, हसायची, आणि आतून एखाद्या बंद दुकानासारखी असायची. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, राहून गेलं.

निवृत्तीनंतर ती बेळगावातल्या विणकरांच्या वस्तीत, वडगावात राहायला आली. भिंतीपलीकडं दिवसभर माग चालायचे.

यंदा तेजस्वी पाटील नावाची एक संशोधक मुलगी तिच्याकडं येऊ लागली. जुन्या वह्या संगणकावर चढवत होती. एका दुपारी ती म्हणाली, ''मॅडम, लोंढ्याच्या शेवटच्या चार जागांचे आकडे किती स्वच्छ आहेत! सगळ्या रेषेत असं मोजमाप दुसरं नाही. त्या दिवशी काय वेगळं केलंत?''

''त्या दिवशी माझी आई गेली होती.''

तेजस्वीनं वही हळूच मिटली. पारमिताला चहाची आठवण झाली. ती उठून स्वयंपाकघरात गेली. दूध उतू जाईपर्यंत बघत उभी राहिली, आणि गॅस बंद करायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी ती एस.टी.नं निपाणीला गेली. आण्णाप्पा आता सत्तरीचा. अंगणात खुर्ची टाकून बसला होता. तिनं बसल्या बसल्या सांगून टाकलं. ''अण्णा, त्या दिशी गाडी हुती. मी काम संपवून आलते.''

''ठावं हाय मला.''

''कसं?''

''भावकू आलता की चौथ्या दिशी, तू गेल्यावर, तुझी ऱ्हायलेली पिशवी घेऊन. त्यानं सांगितलं.''

''मग इतकी वर्सं बोलला का न्हाईस?''

आण्णाप्पानं गुडघा चोळला. ''राग हुता. धा वर्सं तरी हुता. मग कवा गेला ते कळलंबी न्हाई.''

आता रडू येईल म्हणून पारमिता वाट बघत राहिली. आलं नाही. भावाच्या डोळ्यांतही काही नव्हतं. आतून वहिनी जयाबाईंनी जेवायला हाक मारली.

भाकरी मोडता मोडता आण्णाप्पानं विचारलं, ''त्या चार जागांत घावलं काय?'' आजवर घरात तिला हे कुणीच विचारलं नव्हतं.

''तिनांत काय न्हाई. चौथ्या जागंखाली पाणी हाय. नव्वद फुटांवर.''

''काढलं का कुणी?''

''गावानं काढलंय. उन्हाळ्यातबी आटत न्हाई.''

''बरं झालं,'' आण्णाप्पा म्हणाला, आणि आमटीचं भांडं तिच्याकडं सरकवलं.